वजन कमी करणं हा फक्त पैसेवाल्यांचा प्रश्न आहे का?

चळवळीच्या बैठकीत वजनाचा विषय काढला की पोरं हसतात. मागच्या महिन्यात एकानं तोंडावर विचारलं, "दादा, अॅट्रॉसिटीच्या केसमधले साक्षीदार फुटतायत, स्कॉलरशिप दोन दोन वर्षं जमा होत नाही, आणि तुम्ही ढेरीवर काय बोलून राहिले?" बाकीच्यांना बरं वाटलं, कारण त्यांच्या मनातलंच तो बोलला. ढेरी म्हणजे शेटजी-भटजींची. आपल्या वाट्याला उपास, कुपोषण, हाडाची काडं. कार्टूनमध्येही तसंच असतं. शोषक जाडा आणि शोषित बारीक.

मला त्या पोराचा राग आला नाही. पण त्याचा मुद्दा खोडून काढणं गरजेचं आहे, म्हणून हा लेख. वस्तीत जाऊन बघा. आमच्या औरंगाबादेतल्या वस्तीत (सरकारी कागदावर नाव बदललं, आमच्या तोंडात अजून तेच आहे) सकाळी रक्त तपासायला रांग लागते ती कुणाची? धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, रिक्षावाले, वाळूजच्या कंपन्यांत बारा तास उभे राहणारे कंत्राटी कामगार, एटीएमच्या दारात रात्र काढणारे सिक्युरिटी गार्ड. यांच्यात श्रीमंत कुणीच नाही. हातपाय बारीक, पोट पुढे आणि साखर दोनशेच्या वर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा २०१९-२१ मध्ये झाला. त्यात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर जास्त निघालं आणि त्याच वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. हे दोन आकडे एकत्र वाचा. यात अशा कितीतरी बाया असणार ज्यांचं वजनही जास्त आहे आणि रक्तही कमी आहे. पोट भरतं पण अंगाला लागत नाही. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळ्या वर्गांचे दोन वेगळे रोग आहेत ही समजूत इथंच मोडते. आमच्या घरात तर ते एकाच ताटात जेवतात.

माझी आई १९७२च्या दुष्काळातली. ती पोटात असताना आजी खडी फोडायला जात होती. सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, एवढ्यावर ते दिवस निघाले. तीच आई आज मधुमेहाची पेशंट आहे आणि चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या पायाचं बोट काढावं लागलं. नातेवाईक म्हणाले, गोड खाल्लं असेल. गोड कुठून खाणार? ज्या बाईनं उभ्या जन्मात चहाशिवाय साखर बघितली नाही, तिला हा रोग कसा होतो, याचं उत्तर मी शोधत होतो.

ते पुण्यात सापडलं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. तिथं जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळाचं ३.५ किलो. पण आपल्या त्या हडकुळ्या बाळात कमी काय पडलं होतं? स्नायू, आतले अवयव. चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं बाळ. उपाशी आईच्या पोटात वाढणारा जीव मिळेल ते साठवायला शिकतो. पुढं हाच जीव शहरात येतो, खुर्चीवर बसतो, वडापाव खातो, तेव्हा लहानपणी कामाला आलेली ती साठवण्याची सवय त्याच्या अंगावर उलटते. मी डॉक्टर नाही, पण एवढं मला कळतं की पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पोटभर मिळू दिलं नाही, त्यांच्या शरीरावर त्या उपासमारीचा हिशेब लिहिलेला आहे. म्हणून वजनाचा प्रश्न मला जातीच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. ज्याला तोडता येतो त्यानं तोडून दाखवावा.

याच कारणामुळं आपल्याकडं वजनाचं मापही वेगळं लावतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, येतो तो बीएमआय. युरोपातल्या माणसाला २५ पर्यंत सूट, आपल्याला २३ ला इशारा आणि २५ ला लठ्ठपणा. पण त्याहून सोपं आणि खरं माप म्हणजे कंबर. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या आत. शिंप्याचा टेप घ्या, बेंबीच्या आसपास लावा, पोट आत ओढू नका. हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी आज मोजावं.

आता माझी गोष्ट. वय ३८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. कंबर १०६. कार्यकर्त्याचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. सकाळी तर्रीवाली मिसळ किंवा पोहे, दुपारी पोलीस स्टेशनच्या बाहेर चहा-बिस्कीट, मोर्च्यात वडापाव, रात्री अकराला कुणाच्या तरी घरी आग्रहाचं जेवण आणि नको म्हटलं की "आमच्या घरचं चालत नाही का?" हा प्रश्न. आपल्या लोकांत हा प्रश्न साधा नसतो. ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्यांच्या घरी ताटाला नाही म्हणणं जीवावर येतं. तर दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभा. आईचं बोट डोळ्यांसमोर होतं. शिवाय आमच्या तालुक्यातले तीन कार्यकर्ते मागच्या सहा वर्षांत पन्नाशीच्या आत गेले, तिघंही हार्टनं. त्यातला एक आमचा शाहीर. त्याच्या शोकसभेत सगळे म्हणाले, समाजासाठी देह झिजवला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की झिजवला हा शब्द खोटा आहे. त्याचा बीपी कुणी कधी मोजलाच नव्हता.

आधी मी एका खासगी वजन घटवण्याच्या सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, अशी दुकानं आता प्रत्येक शहरात आहेत. एसी हॉल, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, तीन महिन्यांचं पॅकेज १८ हजार. तिथल्या मॅडमनी नाव विचारलं, मग आडनाव पुन्हा विचारलं, मग म्हणाल्या, "नॉनव्हेज असेल ना तुमच्यात? ते आधी बंद. तामसी आहार आहे." हातात छापील कागद दिला. ओट्स, बदामाचं दूध, पनीर, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. कागदावर वर ओम छापलेला. मी त्यांना विचारलं, सुकटात प्रोटीन किती असतं? त्या म्हणाल्या, सुकट म्हणजे?

मी उठून आलो. पैशाचा प्रश्न होताच, पण मुद्दा वेगळा आहे. ज्या बाईला सुकट माहीत नाही, ती माझ्या ताटाचं काय करणार? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं ते यासाठीच की मराठवाड्यातल्या आपल्या चुलीवर काय शिजत होतं त्याची नोंद कुणी घेतलीच नव्हती. नोंद नाही म्हणून आहारशास्त्रात जागा नाही, आणि जागा नाही म्हणून मग आपलं सगळं खाणं एका शब्दात उडवता येतं: तामसी. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, घोळ, तरोटा, मटकी, वाळलेले बोंबील, सुकट, अंडं. यातलं वजन वाढवणारं काय आहे, सांगा. आज ज्वारीला 'मिलेट' म्हणून मॉलमध्ये काचेच्या बरणीत ठेवतात. २०२३ हे तर जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. आणि आपल्याला रेशनवर काय मिळतं? माणशी पाच किलो, तांदूळ आणि गहू. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं होतं. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झालं, चांगलं झालं, पण आमच्या दुकानात ज्वारी काही दिसत नाही आणि डाळ तर नाहीच. ताटात दोन वेळा भाताचा डोंगर आणि बाजूला पाण्यासारखं वरण, हे आमच्या बायांनी हौसेनं निवडलेलं नाही.

इथं एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. २०२५ साली वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, मौंजारो आणि वेगोवी. मौंजारोची सर्वांत कमी डोसची कुपी आली तेव्हा ३,५०० रुपयांना होती, आणि आठवड्याला एक टोचायची. म्हणजे महिन्याला १४ हजार. औषध खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण वाळूजच्या कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या पगाराशी ही किंमत लावून बघा.

मग गरिबानं जायचं कुठं? आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही हे माहीत नाही. जवळपास सगळी सोय कागदावर आहे आणि फुकट आहे.

आशाताई तुमच्या घरी येते ना? २००५ पासून ही योजना आहे. आपल्याला वाटतं ती फक्त लसीकरण आणि बाळंतपणासाठी. पण तिच्याकडं तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसासाठी एक फॉर्म असतो, सी-बॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, एवढे प्रश्न. प्रत्येकाला गुण. चारच्या वर गेलात की तुम्हाला आधी तपासायचं. मी माझा फॉर्म तिच्यासमोर बसून भरला. तिशीतलं वय, एक. तंबाखू शून्य, दारू शून्य (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दुसरं काय असणार, असं लिहायला आवडलं असतं, पण आपल्या वस्त्यांत संध्याकाळी काय चालतं ते तुम्ही-मी बघतोच). कंबर शंभरच्या वर, दोन. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम नाही, एक. आईला मधुमेह, दोन. एकूण सहा. आशाताई म्हणाली, "दादा, तुमचा नंबर तर लई वर लागला की." त्या एका कागदानं जे सांगितलं त्यासाठी सेंटरवाले मला १८ हजार मागत होते.

फॉर्मनंतर उपकेंद्र किंवा आरोग्यवर्धिनी. तिथं बीपी, साखर, वजन. पुढं लागलं तर ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज. मोठ्या सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञही असतात, ही गोष्ट मला एका सिस्टरनं सांगितली तेव्हा कळली. बाहेर पाटी नव्हती. मी केसपेपर काढला, दोन तास बसलो आणि आत गेलो. त्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला: घरी स्वयंपाक कोण करतं आणि काय करतं? सुकट, बोंबील ऐकून म्हणाल्या, चांगलं आहे की, फक्त खारवलेलं असतं, धुऊन घ्या आणि वरून मीठ टाकू नका. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ. तेल माणशी चार-पाच छोटे चमचे, यात तर्री आली बरं का. भात अर्धा करा, त्याजागी भाकरी. मटकी, हरभरा रोज मूठभर. अंडं खा. रात्रीचं जेवण आठच्या आत, नसेल जमत तर आग्रहाच्या घरी फक्त भाजी आणि एक भाकरी. आणि रोज चाला. कागद नव्हता, ओम नव्हता, सगळं मिळून बारा मिनिटं.

आता माझी तक्रारही ऐका. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात मी गेलो त्या पहिल्या तीन वेळांपैकी दोन वेळा साखर तपासायच्या पट्ट्या संपलेल्या होत्या. वजनकाटा होता, त्यावर फायलींचा गठ्ठा होता. योगाच्या तासाचं वेळापत्रक भिंतीवर होतं, तास नव्हता. लेखी अर्ज दिला, माहितीच्या अधिकारात साठ्याची माहिती मागवली, तेव्हापासून पट्ट्या असतात. तिथली समुदाय आरोग्य अधिकारी मुलगी मला हळूच म्हणाली, सर, असेच अर्ज देत जा, आमचं वर कुणी ऐकत नाही.

आणि नावाचं. २०१८ साली १४ एप्रिलला, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीला, छत्तीसगडमधल्या जांगला गावात देशातलं पहिलं आरोग्यवर्धिनी केंद्र सुरू झालं. २०२३ मध्ये त्याचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. सरकारी दवाखान्याला मंदिर का म्हणायचं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना मंदिराच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्यांच्या करातून चालणाऱ्या दवाखान्याला मंदिर? नावाखाली आरोग्य हेच परम धन अशा अर्थाचं संस्कृत वाक्य असतं. गंमत म्हणजे आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ, हे धम्मपदाच्या सुखवग्गात पालीत सांगितलेलं आहे. असो. आमच्यातले काही जण म्हणाले, नावावर बहिष्कार, आत पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, नावाचा निषेध करू, निवेदन देऊ, पण बहिष्कार घालून पट्टी कुणाची वाचते? मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं आपलं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा ते ठराव खरे झाले. कागदावरची सोय तिथं जाऊन, रांगेत उभं राहून, भांडून घ्यावी लागते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचं पोषणमान आणि राहणीमान उंचावणं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हटलंय. तेव्हा ती पट्टी मागणं ही भीक नव्हे.

पण दवाखाना तुम्हाला रोज चालवत नाही. सांगणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. यासाठी लागतो सोबती. ही काही मी काढलेली नवी गोष्ट नाही. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, लहान आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खायचा. असाच एकदा टम्म होऊन, धापा टाकत तो तथागतांकडं आला. तथागतांनी त्याला पापी म्हटलं नाही, उपास सांगितला नाही, भात तामसी आहे असंही म्हटलं नाही. प्रमाण ओळखून, भान ठेवून खाणाऱ्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या मागं सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजानं त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि सांगितलं, मी जेवायला बसलो की रोज म्हणायची, त्याबद्दल तुला रोज शंभर कार्षापण. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगानं हलका झाला.

या कथेत मला दोन गोष्टी दिसतात. एक, राजालासुद्धा एकट्याला जमलं नाही, ताटापाशी उभं राहून आठवण देणारा माणूस लागला. दुसरी गोष्ट आमच्या प्रवचनात कुणी सांगत नाही: त्या माणसाला त्या कामाचा मोबदला होता. सुदस्सनला रोज शंभर कार्षापण, आणि आमच्या आशाताईला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन, तेही वेळेवर यावं म्हणून आझाद मैदानात बसावं लागतं. पसेनदीच्या दरबाराइतकी समज आपल्या सरकारला असती तर बरं झालं असतं.

तर आम्ही आमचे सुदस्सन आम्हीच व्हायचं ठरवलं. दर रविवारी विहारात वंदनेनंतर काटा आणि टेप. सुरुवातीला अकरा जण, त्यात बाया फक्त दोन. वजन वहीत लिहायचं, मोठ्यानं वाचायचं नाही हा नियम एका ताईनं सुचवला आणि त्यानंतर बाया वाढल्या. आता सव्वीस आहेत, त्यात पंधरा बाया. सकाळचं चालणं विद्यापीठाच्या मागं बुद्ध लेणीच्या पायथ्यापर्यंत, जमेल त्यानं पायऱ्या चढायच्या. लेणी आपल्या पूर्वजांची आहेत म्हणून अभिमानानं फोटो टाकणारे पुष्कळ. पण रोज चढून जाणारे मोजके. विहाराच्या कार्यक्रमातली बुंदी बंद करायला मात्र चार महिने लागले. दायक नाराज झाले. एक आजी म्हणाल्या, "बाबासाहेबाच्या जयंतीला तोंड गोड नाही करायचं का?" तडजोड अशी झाली की जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला गोड, बाकी कार्यक्रमांत मटकीची उसळ आणि फळ. आजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बायांचं चालणं ही वेगळीच लढाई आहे. शहरात नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येतं. पाण्याचा दिवस आला की त्या दिवशी एकही बाई चालायला येत नाही, आणि पाणी किती वाजता येईल हे कुणी सांगत नाही. पहाटे रस्त्यावर दिवे नाहीत, टपोरी पोरं मागून हॉर्न वाजवतात. खासगी सेंटरच्या कागदावर 'रोज ४५ मिनिटं ब्रिस्क वॉक' लिहिणं सोपं आहे. आमच्याकडं त्या एका ओळीसाठी दिव्यांचा अर्ज, पाण्याच्या वेळापत्रकाचा अर्ज आणि दोन पोरांना समज देणं एवढं करावं लागलं. दिव्यांचं काम झालं, पाण्याचं नाही.

पुरुषांचं अडतं ते वेळेवर. बारा तासांची शिफ्ट, दोन तास बसमध्ये, घरी आला की आडवा. त्याला चाल म्हणणं क्रूरपणाचं आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते आणि १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ठरले, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण का, हे सांगत नाही. गांधीवादावर टीका करताना त्यांनी मांडलं होतं की माणसाला जनावराच्या पातळीवरून वर यायचं तर मोकळा वेळ हवा. मोकळ्या वेळेशिवाय संस्कृती नाही. मी त्यात फक्त एवढंच जोडतो की मोकळ्या वेळेशिवाय धड शरीरही राहत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा आपल्या किती संघटनांनी त्यावर मोर्चा काढला? वाळूजमधल्या कामगाराच्या कंबरेचा घेर आणि तो निर्णय यांचा संबंध जोडून दाखवणं हे आपलं काम आहे. म्हणून त्या हसणाऱ्या पोराला मी म्हटलं, ढेरीवर बोलताना मी रेशनवर, पाण्यावर, कामाच्या तासांवर आणि आशाताईच्या पगारावरच बोलत असतो.

कुणी विचारेल, एवढं करून काय मिळालं? माझं सांगतो. आठ महिन्यांत ९२ वरून ८५. कंबर १०६ वरून ९८. बीएमआय अजूनही ३०, म्हणजे कागदावर मी आजही लठ्ठच आहे. पण साखर ५.७ वर आली. गटातल्या चौघांचं वजन अर्ध्या किलोनंही हललं नाही आणि ते खट्टू झाले होते. त्यांना मी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाचं सांगितलं, २००६ साली प्रसिद्ध झालेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना चालणं आणि खाण्यातला बदल शिकवला, तर पुढं मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही त्यांचं वजन फारसं न उतरता. काटा हलला नाही तरी आत काहीतरी हलत असतं. चौघांपैकी तिघे टिकले. एक गेला, त्याला परत आणायला दोघी ताया त्याच्या घरी जाणार आहेत.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्यानं त्यांना काठीचा, माणसाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे, आणि त्याच शरीरानं त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरा केला. ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. त्यांच्या आजारपणाबद्दल आपण फक्त रडतो किंवा कुणावर तरी संशय घेतो. त्यांना आणखी दहा वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, यावर प्रत्येक सहा डिसेंबरला चर्चा होते. मग आज आपल्यात काम करणाऱ्यांची दहा वर्षं अशीच जाऊ द्यायची का, यावरही एखादी बैठक व्हायला हरकत नसावी.

तर १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आमचा एक टेबल असेल. कंबर आणि बीपी मोजून देऊ, सी-बॅकचे प्रश्न विचारू, आणि तुमच्या भागातलं सरकारी केंद्र कुठलं, ते किती वाजता उघडतं हे लिहून देऊ. बीपीचं यंत्र घेऊन दोन सिस्टर येणार आहेत, ड्युटी संपवून. मोजायला आणि लिहायला दहा कार्यकर्ते लागतील, आतापर्यंत सहा झालेत. सकाळी नऊला गेटवर या. टेप दोन आहेत, कुणाकडं असेल तर तिसरा घेऊन या.